संगणकाकडून लेख वाचून घेताना : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवून निवृत्त झाल्यावर माझा बराचसा वेळ वाचनात जात असे. घरी वर्तमानपत्र येते, बेळगावला जाणे झाले की वाचनालयातून पुस्तके येतात, आणि अलीकडे त्यात इंटरनेटवरच्या लेखांची भर पडली होती. मग दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, म्हणजे मॅक्युलाचा, वयोमानाने होणारा विकार जडला. या विकारात कडेचे दिसत राहते. घरात वावरताना अडचण येत नाही, पण ज्या शब्दाकडे रोखून बघावे नेमका तोच शब्द पुसट होतो. संगणकावर अक्षरे मोठी केली तर एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटून जाते. कोणी शेजारी बसून वाचून दाखवावे, तर घरातल्या प्रत्येकाला आपापली कामे असतात. शिवाय दुसऱ्याच्या सवडीने वाचावे लागले की हवे तिथे थांबणे आणि एखादा परिच्छेद पुन्हा ऐकणे मागावेसे वाटत नाही. माझ्यासारख्या अनेकांची अडचण हीच असेल, म्हणून संगणकाकडून लेख वाचून घ्यायला मी कशी शिकले ते तपशिलाने लिहीत आहे.

विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीपासूनच असतो. तो विंडोज २००० पासून विंडोजबरोबर येतो, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजचे चिन्ह असलेली कळ, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो सुरू होतो आणि त्याच तीन कळांनी बंद होतो. पहिल्यांदा तो सुरू केला तेव्हा बेळगावला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा जवळ होता. आवाज इंग्रजी होता, आणि समोर उघडलेल्या मराठी लेखातले तो काहीच वाचेना; अधूनमधून येणारा एखादा इंग्रजी शब्द तेवढा उच्चारी. त्या आवाजाला देवनागरी येतच नव्हती. भाच्याने सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा या विभागातून आवाजांची यादी काढली. मी पाहिलेल्या त्या यादीत मराठी नव्हती, हिंदी होती. म्हणून हिंदीचे आवाज उतरवून घेतले. लेख सुरू झाला तसा तो म्हणाला, "आत्या, ही बाई तर हिंदीच बोलूलालीय की!" त्याचे म्हणणे बरोबर होते. अक्षरे मराठी, पण उच्चार हिंदीचे. 'माझा' मधला झ हिंदी वळणाचा, 'ज्ञानेश्वर' चे 'ग्यानेश्वर', आणि ४५ हा आकडा आला की 'पैंतालीस'. तरीही अर्थ कळत होता, आणि पुष्कळ दिवसांनी एक अख्खा लेख मी कोणाच्याही मदतीवाचून शेवटपर्यंत ऐकला.

पण आवाज मिळणे हा यातला सोपा भाग आहे. खरे शिकायचे असते ते पानावर हिंडायला. डोळस माणूस पान उघडताच जाहिराती, वरची पट्टी आणि बाजूच्या चौकटी नकळत ओलांडून थेट मजकुरावर जातो. स्क्रीन रीडरला ती निवड करता येत नाही. तो वरून सुरुवात करतो : लिंक, मुखपृष्ठ; लिंक, राजकारण; लिंक, क्रीडा; बटन, शोधा; इमेज; लिंक, आमच्याविषयी. मी ज्या पानांवर जात असे त्यांतल्या काहींवर लेखाचे पहिले वाक्य कानी पडेपर्यंत चहा निवून जाई. बहुतेक लोक याच टप्प्यावर कंटाळून हे सगळे सोडून देतात असे मला वाटते, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण पुढचा रस्ता त्यांना कोणी दाखवलेलाच नसतो.

तो रस्ता शीर्षकांवरून जातो. नॅरेटरमध्ये कॅप्स लॉक ही कळ त्याची स्वतःची कळ म्हणून चालते. कॅप्स लॉक आणि स्पेस दाबले की स्कॅन मोड, म्हणजे एकेका कळेने पानावर हिंडायची सोय, सुरू होते. त्यानंतर एच दाबले की पुढचे शीर्षक, शिफ्ट आणि एच दाबले की मागचे. आकड्याची १ ही कळ दाबली की थेट पहिल्या पातळीचे शीर्षक मिळते, आणि पान नीट बांधलेले असेल तर तेच लेखाचे नाव असते. तिथे पोचल्यावर कॅप्स लॉक आणि खालचा बाण दाबायचा, की तिथून पुढे सलग वाचन सुरू होते. कंट्रोलची कळ दाबली की आवाज तत्काळ थांबतो. नव्याने शिकणाऱ्याने ही कळ सर्वांत आधी पाठ करावी असे मी म्हणेन, कारण यंत्राला गप्प करणे आपल्या हातात आहे हे कळले की निम्मी भीती जाते. कॅप्स लॉकबरोबर अधिक-उणेच्या कळा दाबल्या की वाचनाचा वेग वाढतो किंवा कमी होतो. कॅप्स लॉक आणि एफ ६ दाबले तर पानावरच्या सगळ्या शीर्षकांची यादी समोर येते. दीर्घ लेखात, विशेषतः विश्वकोशासारख्या मजकुरात, ही यादी अनुक्रमणिकेचे काम करते. माझ्या लॅपटॉपवर एफच्या कळांसोबत एफएन ही कळही दाबावी लागते.

हे सगळे बोटांना यायला वेळ लागतो. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, ते तर्जनीने चाचपून हात जागेवर ठेवायचा आणि तिथून बाकीच्या कळा शोधायच्या. जे च्या डावीकडची पहिली कळ एच, हे एकदा बोटात बसले की नजर खाली न्यावी लागत नाही. नॅरेटर जे वाचत असतो त्याभोवती एक निळी चौकटही फिरते. पूर्ण दृष्टी गेलेल्याला तिचा उपयोग नाही, पण माझ्यासारख्या कडेने थोडेफार दिसणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत ते त्या चौकटीवरून समजते.

केवळ लेख ऐकायचा असेल तर आणखी एक सोय आहे, आणि तिचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबले की पान मोठ्याने वाचले जाते, आणि इथे मात्र मराठीचे आवाज आहेत : आरोही आणि मनोहर. आरोहीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी काम टाकून ऐकत बसले. ओळीतला स्वल्पविराम, प्रश्नाचा चढ, वाक्याअखेरचा उतार, सगळे जागच्या जागी होते. त्याआधी एफ ९ दाबून वाचनाची चौकट उघडली तर जाहिराती आणि बाजूचा पसारा गळून पडतो आणि निव्वळ लेख उरतो. मात्र ही चौकट प्रत्येक पानावर उघडतेच असे नाही. आणि ही सोय लेख वाचते, संगणक वाचत नाही. खिडकी बदलणे, फाइल शोधणे, अर्जाच्या रकान्यात मजकूर भरणे यांसाठी स्क्रीन रीडरच लागतो. दोन्ही एकाच वेळी सुरू राहिले तर दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि धड काहीच ऐकू येत नाही, म्हणून आरोहीला बोलावण्याआधी मी नॅरेटर बंद करते. दुसरे असे की हे आवाज इंटरनेटवरून येतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण इंटरनेट बंद पडते आणि आरोही गप्प होते. अशा वेळी संगणकातच असलेला आवाज उपयोगी पडतो.

त्यासाठी मी एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडरही बसवून घेतला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि तो आजही मोफत मिळतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठीही आहे आणि कन्नडही. आवाज यांत्रिक आहे, त्यात माया नाही, हे खरे. पण आकडे तो मराठीत वाचतो, वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत आणि त्याला इंटरनेट लागत नाही. दीर्घ, माहितीपर लेख मी आता त्याच्याकडूनच ऐकते; ललित लेख आणि आठवणी आरोहीकडून.

सीमाभागात राहणाऱ्या माणसासाठी यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच निघाली. माझे सगळे शिक्षण मराठीतून झाले. कन्नड मी बाजारात, बसमध्ये, शेजारपाजारी ऐकून शिकले. समोरच्याचे बोलणे मला समजते आणि उत्तरही देता येते, पण कन्नड लिपी मात्र डोळे चांगले होते तेव्हाही मी एकेक अक्षर लावूनच वाचत असे. आमच्याकडे अशी माणसे घरोघर आहेत. पंचायतीची सूचना, शेतीच्या योजनेची माहिती, कन्नड वर्तमानपत्रातली आपल्याच तालुक्याची बातमी, हे सगळे कोणाकडून तरी वाचून घ्यायचे ही रीतच पडून गेली आहे. एजच्या आवाजांच्या यादीत सपना आणि गगन हे कन्नडचे आवाज दिसले, तेव्हा भातपिकावरच्या रोगाविषयीचा एक कन्नड लेख उघडून मी सपनाला वाचायला लावला. काही शब्द निसटले, ग्रांथिक कन्नड बोलीपेक्षा अवघड असतेच. पण लेखाचा आशय मला समजला. डोळे अधू झाल्यावर मी एका अधिक भाषेतले लेख वाचू लागले, हे लिहिताना मलाच नवल वाटते. आता योजनेची कन्नड माहिती ऐकताना 'अर्जी' आणि 'कोनेय दिनांक' हे शब्द कानावर पडले की मी वाचन थांबवते, तो परिच्छेद पुन्हा ऐकते आणि अर्जाची शेवटची तारीख टिपून ठेवते. शेजारचे शेतकरीही आता मोबाइलवर आलेली कन्नड बातमी माझ्या लॅपटॉपवर ऐकायला येतात. त्यांना उत्तम दिसते, फक्त लिपी येत नाही.

सगळीच पाने वाचली जातात असे मात्र नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतंत्र ओळख देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधीचा पुष्कळ मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. पडद्यावर तो सुबक मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. स्क्रीन रीडर तेच इमानाने वाचतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. जुन्या अंकांच्या पीडीएफ फाइली बहुतेक वेळा पानांचे नुसते फोटो असतात, तिथे वाचायला अक्षरच नसते. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली तर चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार होतो. छपाई स्वच्छ असेल तर तो चांगला निघतो. जोडाक्षरे फुटलेली असतील किंवा पान दोन स्तंभांत असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात. छायाचित्राचे वर्णन लिहिलेले नसेल तर 'इमेज' एवढाच शब्द ऐकू येतो. लेखक मजकुरात "वरील छायाचित्रात पाहा" म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्या छायाचित्राला दोन ओळींचे वर्णन जोडायला मिनिटभरही लागले नसते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना वापरता येईल असा असावा, हे सांगितले आहे; मराठीत लिहिणाऱ्या आणि प्रसिद्ध करणाऱ्या मंडळींनी ते आपल्यासाठीही आहे असे मानावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भाषेची एक अडचण मात्र बराच काळ माझ्या लक्षात येत नव्हती. एका नियतकालिकाच्या पानावर गेले की मराठी लेख असूनही दर वेळी इंग्रजी आवाज सुरू होई आणि मला तो हाताने बदलावा लागे. दुसऱ्या पानांवर मराठी आवाज आपोआप लागत असे. भाच्याने पानाची आतली संहिता, म्हणजे ज्या कोडवर पान बांधलेले असते तो, उघडून पाहिली. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याची भाषा कोणती ते सांगणारी एक छोटी नोंद असते आणि वाचन करणारी साधने तिच्यावरून आवाज निवडतात. त्या पानावर ती नोंद इंग्रजीची होती. साचा इंग्रजीतून घेतलेला, त्यातली ती नोंद कोणी बदललीच नव्हती. मी संपादकांना ईमेल लिहिला. मला काय ऐकू येते, कोणती नोंद बदलायला हवी आणि मधल्या मथळ्यांची अक्षरे नुसती ठळक न करता त्यांना शीर्षक म्हणून खूण केली तर मला थेट त्यांच्यावर कसे जाता येईल, हे सविस्तर कळवले. त्यांचे उत्तर आले, आणि थोड्या दिवसांत भाषेची नोंद बदलली. आता ते पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबले की आरोही लगेच वाचायला लागते. नव्या लेखांतले मथळेही एच च्या कळेने सापडतात. जुन्या लेखांचे काम अजून चालू आहे असे त्यांनी कळवले आहे.