क्यूबेकमध्ये वहिनीचं माहेर शोधताना

आमची वहिनी लोवेलची, मॅसेच्युसेट्समधली. माहेरचं आडनाव ग्रीनवुड, त्यामुळे घरात सगळे तिला इंग्रजांच्या वंशातलीच समजून चाललेले. पण तिच्या आजीच्या जुन्या कागदांत ब्वाव्हेर हे फ्रेंच आडनाव निघालं आणि मग दादा, वहिनी नि मी गाडी काढून थेट कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतातलं क्यूबेक सिटी गाठलं. 1840 ते 1930 या काळात साधारण 9 लाख माणसं क्यूबेक सोडून अमेरिकेत आली, त्यातली पुष्कळशी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत लागली, लोवेल त्यातलंच, आणि तिथे अनेकांनी आडनावांचं सरळ इंग्रजी भाषांतर करून टाकलं. ब्वाव्हेरचे ग्रीनवुड, लब्लांचे व्हाइट, र्वाचे किंग.

लाव्हाल युनिव्हर्सिटीच्या आवारात जुन्या सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची, अवाढव्य इमारत आहे, तिथे सरकारी अर्काइव्हज, म्हणजे जुन्या कागदपत्रांचं दप्तर आहे. तिथे कळलं की ब्वाव्हेर हेसुद्धा बऱ्याच घराण्यांचं मूळ आडनाव नाहीच! इथे 'दी' नावाची भानगड आहे, अमुक 'दी' तमुक, म्हणजे अमुक ज्याला लोक तमुक म्हणतात. 1665 ला फ्रान्सहून कारिन्यां-सालिएर रेजिमेंट आली, सुमारे 1200 सैनिक, त्यातले 400 च्या आसपास इथेच राहिले, नि फौजेत प्रत्येकाला टोपणनाव असायचंच. काही नावं जमिनीवरून पडली, काही गावावरून. पुढे एक भाऊ मूळ नाव लावतो, दुसरा टोपणनाव, तिसरा दोन्ही. द-नेव्हेर दी ब्वाव्हेर, मिव्हिल दी देशेन, युदों दी बोलिए. बरं पहिल्या नावावरून ओळखू म्हटलं तर बाप्तिस्म्यात मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या आधी मारी लावायची पद्धत, एका पानावर जोसेफच जोसेफ, दादाने डोक्याला हात लावला.

पुरुषांची नावं अशी हातातून निसटतात, पण बायकांची नाही, मला खरी मजा इथेच वाटली. चर्चच्या रजिस्टरमध्ये बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने लिहिलेली असते, आणि लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांचे आईबाप, आईचं माहेर धरून. म्हणून इथले लोक जन्मनोंदी नाही, लग्नं धरून वर चढतात. आमचा धागा एका पणज्याच्या लग्नात तुटला होता, तो त्याच्या बायकोच्या नावाने पकडला तेव्हा मागच्या चार पिढ्या एका दुपारीत मिळाल्या. आपल्याकडे कुलवृत्तांतात बाई बहुतेक वेळा 'अमक्याची पत्नी' एवढीच उरते, ते आठवून जरा राग आला.

रजिस्टर टिकली कशी? 1679 पासून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती, एक चर्चकडे आणि दुसरी कोर्टाकडे. 1640 ला क्यूबेकचं चर्च जळलं त्यात जुन्या नोंदी गेल्या होत्या, त्या लोकांना विचारून परत लिहिल्या म्हणे. 1993 संपेपर्यंत चर्चची नोंद हाच इथला सरकारी जन्मदाखला होता.

दुसऱ्या दिवशी ईल दोर्लेआं, क्यूबेक सिटीजवळचं नदीतलं बेट. पूल 1935 चा, त्याआधी होडी नाहीतर हिवाळ्यात गोठलेली नदी. नदीपासून आत गेलेल्या लांबच लांब अरुंद पट्ट्यांची शेतं अजून दिसतात. इथली पुष्कळ घराणी कुठेतरी जाऊन राजाच्या मुलींशी भिडतात, म्हणजे 1663 ते 1673 मध्ये लुई चौदाव्याने स्वखर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या जवळजवळ 800 तरुणींशी. वहिनीच्या चढत्या साखळीत अशी एक सापडली. स्ट्रॉबेरी मात्र उगाच गाजवल्यात, महाबळेश्वरची बरी.

परतताना वहिनीने बॉम्ब टाकला. क्यूबेकमध्ये 1981 पासून कायदाच आहे, लग्नानंतर दोघांनी आपापलंच नाव वापरायचं, नवऱ्याचं आडनाव हवं असेल तर वेगळा अर्ज करून कारण पटवून द्यावं लागतं. "माझ्या पणज्या सगळ्या माहेरचं नाव घेऊन गेल्या, आणि मी तुमचं लावून बसले!" दादा म्हणाला, मग बदल की परत. ती म्हणाली, "परत कशाला, ग्रीनवुड तरी कुठे आमचं?" आता पासपोर्टवर द-नेव्हेर लिहायचं की ब्वाव्हेर यावर बॉर्डर येईपर्यंत दोघांचं चाललं होतं.