व्हायव्हॅक्स, पण हलता

ऑक्टोबर म्हणजे आमच्या नाशिककडे द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये कामाला उतरतात. पाऊस नुकताच सरलेला असतो, त्यामुळे लॅबमध्ये तापाच्या नळ्याही याच सुमारास वाढतात. मी दिवाळीला घरी आले होते. आरवायके कॉलेजला अकरावी-बारावीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आता पॅथॉलॉजिस्ट आहे. दुपारी तिचा फोन आला, "अगं, व्हायव्हॅक्सच्या स्लाइडमध्ये स्पायरोकीटसुद्धा आहेत असं काका म्हणतायत. जरा येतेस का?" व्हायव्हॅक्स म्हणजे मलेरियाचा एक परजीवी, आणि स्पायरोकीट म्हणजे नागमोडी जिवाणू.

काका म्हणजे तिचे जुने टेक्निशियन. ते उगाच काही बोलणारे नव्हेत. स्लाइड लावून ते बाजूला उभे राहिले. तांबड्या पेशींमध्ये व्हायव्हॅक्सचा सगळा गोतावळा होता: कोवळ्या रिंगा, वेडेवाकडे पसरलेले वाढते ट्रॉफोझॉइट, मोठाले गोल गॅमिटोसाइट, म्हणजे परजीवीचे नर-मादी. आणि पेशींच्या बाहेर, मोकळे पडलेले, बारीक नागमोडी धागे. रिलॅप्सिंग फीव्हर आणणाऱ्या बोरेलिया या स्पायरोकीटची शंका कुणालाही आली असती. पण एका धाग्याचं टोक एका गोळ्याला चिकटलेलं होतं, आणि त्या गोळ्यात मलेरियाचे तपकिरी कण होते.

"काका, स्मिअर कधी केलात?"

"उशिरा झाला, ताई. सेल काउंटरला लावायला टोपण काढलं आणि लाइट गेली. नळी तशीच राहिली उघडी."

तिथेच उलगडा झाला. रक्त गार झालं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला, आणि नर गॅमिटोसाइटनं धरून चालवलं की आपण डासाच्या पोटात पोचलो. एरवी हे तिथेच घडतं. तापमान पाच-एक अंशांनी उतरतं आणि डासाच्या पोटातलं झँथुरेनिक आम्ल इशारा देतं, हे १९९८ साली कळलं. मग पंधरा-वीस मिनिटांत एक नर आपला डीएनए तीनदा दुप्पट करतो आणि त्यातून ८ शेपटीवाले नर युग्मक फुटून निघतात. काकांना दिसलेले धागे ते हेच.

माझी अख्खी नोकरी मलेरियाचा परजीवी कसा हलतो हे बघण्यात गेली आहे, पण तो उंदरांचा, प्लाझ्मोडियम बर्घेई. डासाच्या लाळग्रंथी सुईनं सोडवायच्या, त्यातले स्पोरोझॉइट, म्हणजे डास चावताना अंगात शिरणारं परजीवीचं रूप, काचेवर घ्यायचे आणि बसायचं बघत. जेमतेम १० मायक्रॉन लांबीचा जीव, ना पाय ना शेपूट, आणि सेकंदाला एक-दोन मायक्रॉन वेगानं काचेवर गोल गोल फिरत राहतो. दोन काठांना बांधलेला दोर हातानं मागे ओढत नावाडी होडी पुढे नेतो, तसंच हे. ट्रॅप नावाचं प्रथिन बाहेर जमीन धरतं, त्याचं आतलं टोक ॲक्टिनच्या धाग्याला जोडलेलं असतं, आणि मायोसिन हे मोटरसारखं प्रथिन ते मागे रेटतं. ट्रॅप काढून टाकलेले स्पोरोझॉइट जागचे सरकत नाहीत आणि रोगही लावू शकत नाहीत, हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे डास चावला की काम झालं, असं नाही. कातडीतून रक्तवाहिनी गाठून यकृतापर्यंत पोचायला परजीवीला स्वतः सरकावंच लागतं.

एवढं सगळं माहीत असूनही माणसाचा परजीवी मी नेहमी रंगवलेला, म्हणजे मेलेलाच पाहिला होता.

ज्याचं ते रक्त, तो पोरगा बाहेर बाकावर आईशेजारी बसला होता. औषध सुरू व्हायचं होतं. मी म्हटलं, "आणखी एक थेंब देशील का? तुझ्या उपचारासाठी नको, मला बघायचंय."

"घ्या की. एवढं काढलं, त्यात एका थेंबाचं काय."

काकांनी बोटाचा थेंब घेतला, कव्हरस्लिप ठेवली, कडेनं व्हॅसलीन लावलं. रंग नाही, काही नाही. मग बसलो. बराच वेळ नुसता कंटाळा. मग एका गोळ्यातले तपकिरी कण उकळल्यागत नाचायला लागले, आणि एकदम त्याच्या कडेतून चाबूक सुटले. आजूबाजूच्या तांबड्या पेशी थपडा बसल्यासारख्या उडत होत्या. एक धागा तुटला आणि पेशींमधून वाट काढत दिसेनासा झाला. लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात, कॉन्स्टँटिनच्या लष्करी इस्पितळात, हेच पाहिलं होतं, तेही ताज्या रक्तात. तापाचं कारण हा जिवंत जीवच, याची त्याला खात्री पटली ती यामुळेच. रंगवलेल्या स्लाइडवर इतकी भिस्त ठेवणारे आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, कोण जाणे.

मी पोरालाही दाखवलं. मग आईनं डोळा लावला आणि झटकन मागे सरली. "याच्या अंगात हे असं चाललंय?"

"नाही मावशी. हे बाहेर आल्यावर, डासासाठी. अंगात याचे दुसरे भाऊबंद तांबड्या पेशीत शिरतात, अर्ध्या मिनिटाच्या आत. थंडी-ताप येतो तो त्यांच्यामुळे."

व्हायव्हॅक्स फक्त कोवळ्या तांबड्या पेशीच निवडतो, हेही सांगणार होते, पण मावशींना त्यात रस नव्हता. ताप परत का आला, हे त्यांना हवं होतं. गेल्या पावसाळ्यातही आला होता म्हणे. गोळ्या दिल्या होत्या, बरं वाटल्यावर त्यानं सोडल्या. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. त्याला तिथून हाकलायला प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते, आणि आधी जी-६-पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम तपासावं लागतं. मैत्रिणीनं ती नळी लगेच लावली. माझ्या कारकिर्दीचा त्या पोराला काडीचा उपयोग नव्हता, या गोळ्यांचा होता.

संध्याकाळी रिपोर्ट गेला. शेरा काकांनीच लिहिला: गॅमिटोसाइट आणि सुटे नर युग्मक आढळले, बोरेलिया नाही. थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन.

"हे नर युग्मक काय प्रकरण? औषध बदलायचं का?"

"नाही सर, तेच."

"मग कशाला लिहिता? काढून टाका."

काकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि रिपोर्टची प्रत फाइलला लावली, शेऱ्यासकट.