घारापुरीच्या दोन खेपा आणि एक हत्ती

घारापुरीला, म्हणजे एलिफंटाची लेणी बघायला जायचं होतं. रविवारी गर्दी असते म्हणून मी मुद्दाम सोमवारी रजा टाकली. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे. सोबत आई, तिचे दोन्ही कुरकुरणारे गुडघे आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेली आठ वर्षांची भाची चिंगी. साडेनऊला तिकीट खिडकीपाशी उभे राहिलो तर आतला माणूस मान वर न करताच म्हणाला, "सोमवारी लेणी बंद."

इतकी वर्षं मुंबईच्या अंगणात राहून हे मला ठाऊक नव्हतं. आई काही बोलली नाही. तिचं ते काही न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मग गेटवेच नीट पाहिलं. १९११ साली पंचम जॉर्ज राजा इथे उतरला, त्याची आठवण म्हणून बांधायला घेतलेली ही कमान पुरी झाली १९२४ला, आणि १९४८च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. हे मी चिंगीला रंगवून सांगत होते. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे मावशी, पण हत्ती कुठंय?" एलिफंटाला जायचं म्हणजे हत्ती बघायचा, हे तिने घरून निघतानाच ठरवलेलं होतं. अर्ध्या तासाची बंदरातली फेरी मारली, वडापाव खाल्ला आणि परतलो.

दुसरी खेप गुरुवारी. सकाळी नवाच्या सुमाराला लाँच सुरू होतात, तेव्हा पहिल्या दोन-तीनांतली पकडायची. उन्हाच्या आत पायऱ्या चढून होतात. तिकीट जाऊन-येऊन असतं, म्हणून परतीचा कागद जपायचा. आईने तो रुमालात गाठ मारून कमरेला खोचला. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे लाँच सुटल्यावर वेगळे मागतात. ते द्यावेत. खाली डिझेलचा वास येतो आणि वर सीगल येतात. पुढे नौदलाची जहाजं, मग तेलाचे टँकर, आणि तासाभराने समोर हिरवी टेकडी.

उतरताना मात्र आईचा हात घट्ट धरावा लागला. धक्क्याला लाँच एकीला एक खेटून लावलेल्या असतात. आपली तिसरी असेल तर मधल्या दोन ओलांडून जायचं, आणि लाटेने एक वर गेली की दुसरी खाली. खलाशी सवयीने हात देतात. एकाने आईला "मावशी, पाय टाका, आता!" म्हणून असं अलगद पलीकडे घेतलं की तिला कळलंसुद्धा नाही.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. चालत गेलं तरी फार नाही, पण गुडघे वाचवायचे तर पायऱ्यांसाठी वाचवावेत. ग्रामपंचायतीचा कर पायथ्याशी, पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर. घारापुरी मुंबईतून दिसतं, मुंबईतून जावं लागतं, पण आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. बेटावर कायमची वीज आली २०१८ला. समोर एवढं झगझगतं शहर आणि इथे तोवर जनरेटर.

पायऱ्या एकशेवीसच्या आसपास. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. डोलीवाले आले. खुर्चीला दोन बांबू, चार माणसं. आईने हात जोडले. "माणसांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, ते मी नंतर जाईन." वीस पायऱ्या, मग एखाद्या दुकानाच्या फळीवर टेकायचं, पुन्हा वीस. दुकानवाल्या बायका बसू देतात. एकीकडून काकडी घेतली. ती चिंगीच्या हातात पाच मिनिटं टिकली आणि माकडाच्या हातात गेली. वर खायचं काही उघडं धरू नका, पिशवीसुद्धा.

आणि मग लेणं. बाहेरच्या उजेडातून आत गेलं की पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही, नुसता गारवा. डोळे सरावले की खांब, आणि अगदी आत, मागच्या भिंतीवर, तो. आपण त्रिमूर्ती म्हणतो, पण ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच: सदाशिव. सुमारे वीस फूट उंच. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला, हातात नाग धरलेला उग्र चेहरा. उजव्या हाताला कमळ घेतलेला, बाईसारखा नाजूक. मधला डोळे मिटून शांत. चिंगीने विचारलं, "मधला झोपलाय का?" आई म्हणाली, "नाही, दोन्हीकडचं ऐकतोय."

आईला मात्र खिळवून ठेवलं ते शिवपार्वतीच्या लग्नाच्या पटाने. हात तुटलेत, पाय तुटलेत, पण पार्वतीची किंचित झुकलेली मान तशीच आहे. "बोहल्यावर अशीच उभी होते मी," आई म्हणाली, आणि तिथेच खांबाच्या पायथ्याशी बसली. पंधरा मिनिटं. मी इकडे रावणाने हलवलेला कैलास, अर्धनारीश्वर, गंगाधर सगळं बघून आले तरी ती तिथेच. गाइड तासाभरात गुंडाळतात. आम्हाला दोन तास लागले आणि तेही कमीच पडले.

वर टेकडीवर तोफा आहेत, तिकडे आम्ही गेलो नाही. शेवटची लाँच धरण्याची घाई आईच्या गुडघ्यांना मानवली नसती, म्हणून तीनलाच खाली.

हत्तीचं राहिलंच होतं. बेटावर एक दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं. इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो मोडला, आणि १८६४ला तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. तिथे जोडून उभा केलाय, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे मी या वेळी आधी बघून ठेवलं, आणि शनिवारी तिघी भायखळ्याला उतरलो.

काळ्या दगडाचा, अंगभर सांधल्याच्या रेघा असलेला हत्ती. चिंगी त्याच्याभोवती तीनदा फिरली. आईने जवळ जाऊन त्याचा पुढचा पाय न्याहाळला.

"याचेही सांधे बदललेत वाटतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारायला हवं, माझे कधी करताय."