चिल्लर

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये नेम चुकला तरी एक गुण मिळतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला की 'बिहाइंड', एक गुण. बाकीचा खेळ पहिल्यांदा बघताना काही म्हणजे काही कळत नाही. हिवाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर छत्तीस माणसं एका लंबगोल चेंडूमागे धावत असतात, ऑफसाइड नाही, चेंडू हातात घेऊन पळलेलं चालतं, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून झेल घेतला तर लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. पण हा एक गुण मला पहिल्याच दिवशी पटला. शाळेत गणिताच्या बाई उत्तर चुकलं तरी 'रीत बरोबर आहे' म्हणून अर्धा मार्क द्यायच्या, त्यातलाच हा प्रकार.

गंमत अशी की धावफलकावर हे सगळं कायमचं लिहून राहतं. १५.१२ (१०२) म्हणजे पंधरा गोल, बारा बिहाइंड, एकूण एकशे दोन. संघ किती वेळा हुकला ते शंभर वर्षांनंतरही वाचता येतं. आणि ज्या क्लबबद्दल मी लिहायला बसले आहे, त्याचा इतिहास वाचायचा तर हा टिंबानंतरचा आकडाच आधी बघावा लागतो.

क्लबचं आजचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज. जुनं नाव फूट्सक्रे. मेलबर्नच्या पश्चिमेला, मॅरिबर्नाँग नदी ओलांडली की लागणारं हे उपनगर. एकेकाळी इथे दगडखाणी, खाटीकखाने, कातडी कमावण्याचे आणि दारूगोळ्याचे कारखाने होते. शहराला जे हवं होतं पण ज्याचा वास नको होता, ते सगळं नदीपलीकडे ढकललेलं. पूर्वेकडच्या पांढरपेशा मेलबर्नच्या लेखी इथली माणसं म्हणजे चिल्लर. आधी आयरिश-इंग्लिश कामगार, मग इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह, मग व्हिएतनामी, मग इथिओपियन, आणि आता आपण. क्लबचं मैदान बार्कली स्ट्रीटवर आहे. त्याच रस्त्यावर पुढे वेस्ट फूट्सक्रेत भारतीय हॉटेलं आणि किराण्याची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत. कढीपत्ता, पोहे आणि पापड घ्यायला येणारी पश्चिमेकडची मराठी मंडळी शनिवारी पार्किंग शोधत मैदानावरून दोनदा तरी फिरतात. त्यातल्या निम्म्यांना आत काय चालतं याचा पत्ता नसतो. आमच्या शेजारचे इटालियन आजोबा भेटले नसते तर मलाही नसता.

गोऱ्या साहेबांच्या मोठ्या लीगने या क्लबला बरीच वर्षं दाराबाहेर ठेवलं. फूट्सक्रे खालच्या संघटनेत खेळत राहिला आणि जिंकत राहिला. १९२४ साली गायिका नेली मेल्बा यांनी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी निधी उभारायला घेतला, तेव्हा दोन्ही संघटनांच्या विजेत्यांचा सामना ठेवला. मोठ्या लीगचा विजेता होता एसेंडन. फूट्सक्रेने त्यांना हरवलं. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्नबरोबर यांनाही आत घेतलं गेलं. आत आल्यावर मात्र पहिलं विजेतेपद मिळायला १९५४ उजाडलं.

त्या १९५४ च्या अंतिम सामन्याचा आकडा वर दिलेला आहे: १५.१२ (१०२). समोरचा मेलबर्न संघ एक्कावन्नवर आटोपला, म्हणजे बरोबर निम्म्यावर. जॅक कॉलिन्सने एकट्याने सात गोल केले. चार्ली सटन हा कप्तानही होता आणि प्रशिक्षकही. आणि मागच्या फळीत-पुढच्या फळीत, सांगाल तिथे खेळणारा एकवीस वर्षांचा एक पोरगा होता, टेड व्हिटन. हा फूट्सक्रेचाच. पुढे त्याला सगळा देश 'मिस्टर फुटबॉल' म्हणायला लागला. तीनशे एकवीस सामने खेळून, तोवरचा लीगचा विक्रम एका सामन्याने मोडून, १९७० मध्ये तो थांबला. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या नावावर विजेतेपद ते एकच, कोवळ्या वयातलं.

आमच्याकडे भारतातून कुणी आलं की विमानतळावर आणायला जाताना वेस्टर्न रिंग रोडवर एक उंच पूल लागतो. खाली खोल दरीत मॅरिबर्नाँग. त्या पुलाचं नाव ई. जे. व्हिटन ब्रिज. कितीतरी वर्षं मला तो कुणी इंजिनिअर किंवा मंत्री वाटायचा. पूल म्हटला की मंत्री, ही आपली सवय. आजोबांनी सांगितलं तो हा टेड. १९९५ च्या जूनमध्ये, एमसीजीवर व्हिक्टोरिया विरुद्ध साउथ ऑस्ट्रेलिया सामन्याआधी, त्याला उघड्या गाडीतून मैदानाभोवती फिरवलं. कर्करोग पार शेवटाला पोचलेला, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, शेजारी मुलगा त्याला धरून बसलेला. लोक उभे राहून रडत होते, त्यात आयुष्यभर त्याला शिव्या घालणारे विरोधी क्लबांचे लोकही होते. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तो गेला. राज्याने सरकारी इतमामात निरोप दिला आणि क्लबने आपल्या वेस्टर्न ओव्हलला त्याचं नाव दिलं. व्हिटन ओव्हल.

हे मैदान म्हणजे वाऱ्याचं घर. जोराचा वारा एकाच टोकाकडे वाहायचा, त्यामुळे अर्धा सामना वाऱ्यासोबत आणि अर्धा वाऱ्याशी. एका बाजूला डग हॉकिन्स नावाचा खेळाडू असा काही लीलया खेळायचा, की त्या बाजूला 'हॉकिन्स विंग' असंच नाव पडलं. तोही व्हिटनच्या पुढे गेला, क्लबसाठी ३२९ सामने खेळला. विजेतेपदं शून्य.

मग आला १९८९ चा ऑक्टोबर. क्लब कर्जात बुडालेला. लीगच्या साहेबांनी एके दिवशी जाहीर करून टाकलं, की फूट्सक्रेचं फिट्झरॉय क्लबमध्ये विलीनीकरण होणार, नवं नाव फिट्झरॉय बुलडॉग्ज. झालं, सह्या झाल्या, विषय संपला. पण आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी समर्थक बाई थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि तिने स्थगिती आणली. मला या सगळ्या इतिहासात खरी हिरो तीच वाटते. ती कधी मैदानात उतरली नाही आणि तिच्या नावाचा पूलही नाही. स्थगितीमुळे क्लबला तीन आठवडे मिळाले. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने सूत्रं हाती घेतली. दीड मिलियन डॉलर उभे करायचे होते, आणि ते कुठल्या उद्योगपतीकडून नव्हे, तर पश्चिम मेलबर्नमधल्या घराघरांतून. माणसं डबे घेऊन सुपरमार्केटच्या दारात, चौकांत, पबमध्ये उभी राहिली. मैदानावर सभा झाली, हजारोंनी लोक आले. पोरांनी गल्ले फोडले. दीड मिलियनातले बरेचसे डॉलर खुळखुळत आले, असं आजोबा सांगतात. ते स्वतः एका दुकानाबाहेर डबा वाजवत उभे होते, आणि त्यांच्या मते सगळ्यात जास्त नाणी म्हाताऱ्या ग्रीक बायकांनी टाकली. खरंखोटं ग्रीक बायका जाणोत. क्लब मात्र वाचला.

चिल्लर इथे संपत नाही. १९९६ मध्ये पोर्ट ॲडलेड हा नवा क्लब लीगमध्ये यायच्या तयारीत होता आणि त्यांना ख्रिस ग्रँट हवा होता. ग्रँट म्हणजे तेव्हाचा बुलडॉग्जचा सगळ्यात लाडका खेळाडू. रक्कम एवढी, की फूट्सक्रेसारखा क्लब तिच्या जवळपासही जाऊ शकत नव्हता. तेवढ्यात एका लहान मुलाचं पत्र आलं. जाऊ नकोस, आणि सोबत कागदाला चिकटवलेलं वीस सेंटचं नाणं. ग्रँट राहिला. आता त्याने फक्त त्या नाण्यामुळे निर्णय घेतला असं मी म्हणणार नाही; माणसाला घर असतं, मित्र असतात, त्याचा गावही असतो. पण ग्रँटचं नाव निघालं की पश्चिमेत पहिल्यांदा ते नाणंच आठवतं, त्याचे ३४१ सामने नंतर.

राहिल्याचं बक्षीस काय? पुढच्याच मोसमात, १९९७ मध्ये, लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकासाठी पंचांची सर्वाधिक मतं ग्रँटला पडली. पण मोसमात एका सामन्याची बंदी झाली होती, आणि बंदी झालेल्याला हे पदक मिळत नाही. ते दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. त्याच महिन्यात उपांत्य सामना, ॲडलेडविरुद्ध. क्लबचं नाव नुकतंच फूट्सक्रेचं वेस्टर्न बुलडॉग्ज झालं होतं, म्हणजे नशीब बदलायला नाव बदलून पाहण्याचा उपायही करून झालेला. मोठी आघाडी होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये टोनी लिबराटोरेने चेंडू मारला, हात वर करून नाचायला लागला, आणि गोल-पंचाने एकच बोट दाखवलं. बिहाइंड. नंतर ॲडलेड पुढे गेला. अंतिम आकडे बघा: ॲडलेड १२.२१ (९३), बुलडॉग्ज १३.१३ (९१). गोल बुलडॉग्जचे जास्त. ॲडलेडचा संघ एकवीस वेळा हुकला आणि त्या हुकण्याच्या जोरावर अंतिम फेरीत गेला. चिल्लरवर जगलेल्या क्लबला चिल्लरनेच मारलं. आजोबांसमोर १९९७ हा आकडा उच्चारायचा नाही, हे त्यांच्या नातवंडांना चालायला लागण्याआधी शिकवतात. चुकून कुणी उच्चारलाच तर ते एवढंच म्हणतात, "गोल होता तो."

असे उपांत्य सामने या क्लबने १९८५ पासून २०१० पर्यंत सात गमावले. त्यात ब्रॅड जॉन्सन, सतत हसणारा, ३६४ सामने खेळला आणि अंतिम सामन्याची पायरी न चढताच निवृत्त झाला. मला या मंडळींबद्दल वाचताना सगळ्यात नवल याचं वाटतं, की पश्चिमेतले लोक त्यांना हरलेले म्हणून आठवतच नाहीत.

बॉब मर्फीची गोष्ट मात्र वेगळी, कारण तिथे गाडी स्टेशनात आली आणि तो फलाटावर राहिला. २०१६ चा तो कप्तान. तिसऱ्याच फेरीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, मोसम संपला. संघ गुणतक्त्यात सातवा राहिला, आणि सातव्या जागेवरून आजवर कुणी विजेतेपद घेतलेलं नव्हतं. पण संघ परमुलखात जिंकत सुटला. उपांत्य सामना सिडनीत होता. अर्धं पश्चिम मेलबर्न ह्यूम हायवेने गाड्या हाकत निघालं आणि सहा गुणांनी जिंकून परतलं. १ ऑक्टोबर २०१६ ला एमसीजीवर सिडनी स्वान्सशी गाठ पडली. शेवटच्या क्वार्टरमध्ये टॉम बॉइडने लांबून मारलेला चेंडू टप्पे खात, कुणाच्या हाती न लागता, उंच खांबांमधून गेला. या बॉइडला क्लबने प्रचंड रक्कम मोजून आणलं होतं आणि त्यावरून वर्षभर टोमणे खाल्ले होते. त्या एका टप्प्यात सगळे पैसे वसूल झाले असं म्हणतात. पुढे तोच मुलगा, पंचविशीही गाठण्याआधी, मनाची ओढाताण सहन होत नाही म्हणून उरलेला करार सोडून खेळातून बाहेर पडला. तेव्हा मात्र त्याला कुणी टोमणा मारला नाही, याचं मला बरं वाटतं.

निकाल ८९-६७. बासष्ट वर्षांनी. त्या संघात लिबराटोरे हे नाव पुन्हा होतं, टोनीचा मुलगा टॉम. पदकं वाटून झाल्यावर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने गर्दीतून मर्फीला मंचावर बोलावलं, स्वतःच्या गळ्यातलं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. आजोबांनी मला ते दृश्य त्यांच्या टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं आहे, की मर्फी मान खाली कधी घालतो तेही मला पाठ झालं आहे.

२०२१ मध्ये पुन्हा अंतिम सामना आला, कोविडमुळे पर्थला, समोर मेलबर्न, तोच १९५४ चा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बुलडॉग्ज एकोणीस गुणांनी पुढे होते. तिथून पुढे मेलबर्नने शंभर गुण केले आणि बुलडॉग्जनी सात. यावर आजोबा रागावले नाहीत. मेलबर्नलाही सत्तावन्न वर्षं काही मिळालं नव्हतं, त्यांचं चालायचं, म्हणाले.

पुरुषांचे लीगचे सामने १९९७ नंतर व्हिटन ओव्हलवर होत नाहीत, पण बायकांचे होतात, आणि मला तेच बघायला आवडतात. बायकांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी बुलडॉग्जच्या मुलींनी ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून ती जिंकली. तिथेही कप्तान केटी ब्रेनन बंदीमुळे बाहेर बसलेली! या क्लबला जिंकायचं असेल तर आधी कप्तानाला साध्या कपड्यांत बसवावं लागतं की काय, कोण जाणे. गेलात तर जाड जॅकेट न्या, वारा अजून तसाच आहे. आणि हॉकिन्सची बाजू कोणती हे एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. पहिला क्वार्टर संपेपर्यंत तो तुम्हाला सोडायचा नाही.