सेल मारून मारून हात दुखला
आज सकाळी सहाला गाडी भरून उभी, लासलगावहून वाशीला कांदा न्यायचा आणि आपला म्हातारा ट्रक काही केल्या स्टार्ट होईना. सेल (स्टार्टर) मारला की इंजिन मस्त फिरतंय पण सायलेन्सरमधून धुराचं नाव नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय एवढं तरी कळलं असतं, इथं काहीच नाही.

क्लीनर म्हणे डिझेल पंप गेला, शेजारचा ड्रायव्हर म्हणे इंजिनात डिझेल फवारणारं नोझल (सल्ला फुकट, बिल आपलं). मी आधी डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत बसलो तर नुसता फेस, बुडबुडे संपेचनात, म्हणजे लाईनमध्ये हवा! टाकी अर्ध्याच्या वर, लाईनला एक थेंब गळती नाही. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बाजू ओढणारी असते ना, तिथं चीर पडली की इंजिन फिरताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग ५ लिटरचा कॅन वर टांगला, दुसरा पाईप थेट फीड पंपाला जोडला, एअर काढली आणि तिसऱ्या सेलला धाडकन चालू!! डिझेल पंप बिचारा ठणठणीत.

चोर सापडला क्लिपखाली. रबरी पाईप टणक होऊन नखाएवढी चीर पडलेली, क्लिप सोडल्याशिवाय दिसतच नव्हती. दोन बोटं पाईप कापला, परत बसवून क्लिप आवळली, निघालो. उशीर झाला म्हणून व्यापाऱ्याची बोलणी खाल्ली ते वेगळंच.

आत्ता वाशीत जेवायला बसलोय, दोनदा साबण लावला तरी भाकरीला डिझेलचाच वास.