पंधरा मायक्रॉनची फट

पहिल्या चिपमध्ये मी मणी सोडले आणि लहान-मोठे सगळे गुण्यागोविंदाने एकाच तोंडातून बाहेर पडले. तीन महिने खपून बनवलेली, बारीक वाटांतून पाणी नेत कण वेगळे करणारी चिप, आणि तिने एकही कण वेगळा केला नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. पाण्यात ५ आणि १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मणी मिसळलेले. ते वेगळे करायचे आणि बाहेर पडता पडता विजेने मोजायचे. चाळणी लावली तर ती तुंबते. म्हणून खांबांची जाळी: केसाहूनही बारीक खांबांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित बाजूला सरकलेली. लहान मणी आपल्या धारेबरोबर खांबांना वळसे घालत जातो आणि एकंदरीत सरळच राहतो. मोठा मणी खांबाला टेकला की त्याचं केंद्र मूळ धारेच्या बाहेर पडतं, म्हणून दर खांबाशी तो शेजारच्या धारेत ढकलला जातो. ही युक्ती प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने २००४ साली 'सायन्स'मध्ये मांडली.

मोठा कोण आणि लहान कोण, हे मुख्यतः दोन खांबांमधली फट आणि ओळीचं सरकणं ठरवतं. त्याचं डेव्हिस यांचं सूत्र सगळेच वापरतात: १.४ गुणिले फट गुणिले सरकण्याच्या गुणोत्तराचा ०.४८ वा घात. माझे खांब १५ मायक्रॉनचे, फट १५ ची, दर ओळ ३ मायक्रॉनने सरकलेली, म्हणजे खांब आणि फट मिळून ३० मध्ये ३, गुणोत्तर ०.१. लहान-मोठ्याची सीमा आली जवळपास ७ मायक्रॉन, ५ आणि १० च्या मधोमध. कागदावर इतकं छान जमलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

चिपचं रबर ज्यावर ओततात तो साचा बनवणं म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर (वेफरवर) एसयू-८ नावाचा मधासारखा दाट, प्रकाशाने घट्ट होणारा रेझिस्ट ओतून तो गरागरा फिरवायचा, भाजायचा, नक्षीच्या मास्कमधून अतिनील प्रकाश द्यायचा, पुन्हा भाजायचा आणि डेव्हलपर नावाच्या द्रावकात धुवायचा. प्रकाश पडलेला भाग टिकतो, बाकीचा विरघळतो. माझ्या साच्यात प्रवाहाचा पाट उभा राहतो आणि खांबांच्या जागी बारीक विहिरी उरतात. त्या विहिरींनीच मला रडवलं. डेव्हलपर तळापर्यंत पोचायला वेळ लागतो. घाईने वेफर बाहेर काढून आयसोप्रोपॅनॉलने धुतला की विहिरींच्या तोंडाशी दुधासारखा पांढरा थर दिसतो. म्हणजे आत अजून न विरघळलेला रेझिस्ट आहे, परत डेव्हलपरमध्ये. मी हे चार वेळा केलं. तळाशी रेझिस्ट राहिला तर ओतलेला खांब तेवढा आखूड होतो, काचेपर्यंत पोचत नाही आणि पाणी खालून निसटतं.

त्यानंतर पीडीएमएस, म्हणजे चिपचं सिलिकोन रबर. दहा भाग रबर, एक भाग ते घट्ट करणारा क्युरिंग एजंट, खूप ढवळायचं, मग निर्वातात ठेवून बुडबुडे जाईपर्यंत वाट बघायची. ओतून ओव्हनमध्ये घट्ट करायचं. त्याआधी साच्यावर सिलेनचा थर द्यायचा राहिला तर रबर साच्याला चिकटतं आणि सोलताना दोन्हींची वाट लागते. (एक वेफर असाच गेला. त्यावर अधिक बोलायचं नाही.) शेवटी रबर आणि काच ऑक्सिजन प्लाझ्मात ठेवून लगेच एकमेकांवर दाबायचे, की ते कायमचे जुळतात.

चिप चालेना तेव्हा मी आधी बाकी सगळ्यांना दोष दिला. पंचने भोकं पाडताना रबराचे बारीक तुकडे आत राहतात आणि पहिल्याच ओळीत अडकतात. ते होतेच. आत एक बुडबुडा ठाण मांडून बसला होता, तो आधी इथेनॉल सोडून हटवला. मणी नळीत एकमेकांना चिकटत होते, त्यासाठी पाण्यात थोडं ट्वीन हे साबणासारखं द्रव्य घातलं. सगळं झालं, तरी मणी एकाच तोंडातून.

मग लॅबमधली सीनियर शांतपणे म्हणाली, "अगं, फट मोजलीस का?"

"मास्कवर १५ आहे."

"मास्कवर काय आहे ते नाही विचारलं."

मी रबराचा एक पातळ काप ब्लेडने कापला, आडवा ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खांब होते ८ मायक्रॉनचे आणि फट २२ ची. सूत्रात २२ घातले तर सीमा १० च्या किंचित वर जाते. म्हणजे माझे मोठे मणी चिपच्या हिशेबाने लहानच होते. चिप बरोबर वागत होती.

कारण वेफरच्या कडेला होतं. फिरवताना रेझिस्ट काठाशी जाड होतो. त्या जाड कडेवर मास्क टेकतो आणि मधल्या भागाला चिकटतच नाही. तेवढ्या पोकळीत प्रकाश पसरतो. शिवाय मी 'जास्त असलेलं बरं' म्हणून प्रकाशही जास्त दिला होता. पाट दोन्हीकडून फुगला, विहिरी आक्रसल्या. दुसऱ्या वेळी कडेचा रेझिस्ट पुसून काढला, वेगवेगळ्या वेळांचे चाचणी-तुकडे करून वेळ कमी केली आणि ३५० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावला, त्याने भिंती सरळ येतात. फट आली १६, सीमा ७.४.

या वेळी मणी वेगळे झाले. सूक्ष्मदर्शकात लहानांचा पट्टा सरळ जात होता आणि मोठ्यांचा तिरका सरकत पलीकडच्या भिंतीला लागत होता. मी जेवायचं विसरून तेच बघत बसले.

मोजणीचा भाग कूल्टर यांच्या १९५३ च्या पेटंटवरचा: अरुंद नळीतून कण गेला की विद्युतरोध क्षणभर वाढतो, आणि ती वाढ कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. पडद्यावर ठराविक अंतराने सुबक उसळ्या दिसल्या. मी खूश. पण मणी नसलेलं पाणी सोडलं तरी त्या तशाच होत्या. सिरिंज पंपाची मोटर एकेक पायरीने पुढे सरकते, तोच तो धक्का. पंप काढून बाटली चार पुस्तकांवर ठेवली आणि पाणी उताराने सोडलं. त्या उसळ्या गेल्या, १० मायक्रॉनच्या खऱ्या उसळ्या राहिल्या. ५ चा मणी आकारमानाने १० च्या आठव्या हिश्श्याचा, त्याची उसळी अजून गोंधळातच बुडते. त्यासाठी नळीचा तोंडाशी असलेला भाग आणखी अरुंद करायला हवा, आणि त्याचा साचा आत्ता डेव्हलपरमध्ये आहे. पांढरा थर अजून जात नाहीये.