पुन्हा दाबलं की सेव्ह होतं

तक्रार एका ओळीची होती. 'सेव्ह दाबलं की लाल पट्टी येते, पुन्हा दाबलं की होतं.' खर्चाच्या नोंदी ठेवायचं छोटंसं अ‍ॅप, ब्राउझरमध्येच चालणारं. नेट नसतानाही वापरता यावं म्हणून सगळा डेटा इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसात. मी माझ्या मशीनवर दहा वेळा सेव्ह करून पाहिलं, दहाही वेळा मुकाट्यानं झालं. मग आपण सगळे देतो तेच उत्तर दिलं: माझ्याकडे तर चालतंय.

चालणारच होतं. माझ्या चाचणीच्या नोंदी सगळ्या एकाच चलनातल्या, आणि त्या चलनाचा दर अ‍ॅप उघडतानाच मेमरीत येऊन बसलेला. तक्रार करणाऱ्यानं मात्र नवं चलन निवडलं होतं. मी तसं केलं आणि कन्सोलमध्ये उमटलं: ट्रान्झॅक्शन इनअ‍ॅक्टिव्ह एरर. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसातल्या कामांचा एक गट, एकतर सगळी होतात किंवा एकही नाही. मी पुट करायला, म्हणजे नोंद लिहायला, गेलो तोवर ते संपलेलं होतं. कोणी संपवलं? मी तर कुठे कमिट, म्हणजे 'पक्कं कर', म्हटलंच नव्हतं.

इथे माझी जुनी सवय नडली. सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन आपण उघडतो आणि आपण कमिट म्हणेपर्यंत ते सहसा उघडं राहतं. मी तसंच लिहिलं होतं: ट्रान्झॅक्शन उघड, जुनी नोंद वाच, दर आण, हिशोब कर, नोंद परत ठेव. प्रत्येक पायरीमागे एक अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब'. वाचायला इतकं सरळ की शंका यायला जागाच नाही.

इंडेक्स्डडीबीचा हिशोब वेगळा आहे. ट्रान्झॅक्शनकडे एखादी विनंती प्रलंबित असेल तोवर ते जिवंत. शेवटच्या विनंतीचा कॉलबॅक, म्हणजे उत्तर आल्यावर चालणारा कोड, चालून गेला, त्यात नवी विनंती टाकली नाही आणि ताबा इव्हेंट लूपकडे (कामं एकामागून एक चालवणाऱ्या ब्राउझरच्या चक्राकडे) परत गेला, की ते आपलं आपण कमिट होतं. यामागचं कारण मला पटतं. दुरुस्तीसाठी उघडलेलं ट्रान्झॅक्शन त्याच स्टोअरवरच्या (नोंदींच्या कप्प्यावरच्या) बाकीच्यांना रांगेत उभं करतं, मग ते कोणाच्या तरी नेटवर्कची वाट बघत ताटकळत कसं ठेवायचं?

तरीही एक गोष्ट कळेना. दर मेमरीत असला तरी दर आणणारं फंक्शन असिंकच, म्हणजे उत्तर नंतर देणारं, होतं, त्याच्या पुढेही अवेट होतंच. मग तेव्हा कसं चालायचं? एक रिकामं पान उघडून तिथे एक स्टोअर केलं आणि गेट (वाचणं) आणि पुट यांच्या मधोमध वेगवेगळ्या गोष्टी अवेट करून पाहिल्या. आधीच पूर्ण झालेलं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी): चालतं. तशी वीस, एकामागून एक: तरीही चालतं. शून्य मिलिसेकंदांचा सेट टाइमआउट: पडलं. फेच, म्हणजे नेटवरून मागवणं: पडलं. ब्राउझरचं क्रिप्टो वापरून काढलेला हॅश, ज्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही: तोही पडला.

म्हणजे प्रश्न किती वेळ लागतो हा नव्हताच. पूर्ण झालेल्या प्रॉमिसनंतरचा कोड मायक्रोटास्क म्हणून, म्हणजे चालू कामाला लागूनच, धावतो. गेटच्या सक्सेसचा कॉलबॅक संपला की ब्राउझर आधी मायक्रोटास्कची रांग रिकामी करतो, आणि त्यानंतर ट्रान्झॅक्शन निष्क्रिय करतो. तेवढ्या फटीत माझं पुट बसायचं. फेच किंवा टाइमआउटचं उत्तर मात्र इव्हेंट लूपच्या पुढच्या कुठल्यातरी फेरीत येतं, तोवर दार बंद. आता ती तक्रारही उलगडली. पहिल्यांदा दाबल्यावर फेच झालं, दर मेमरीत आला, पण ट्रान्झॅक्शन गेलं. दुसऱ्यांदा दर तयार, म्हणून नुसता मायक्रोटास्क, म्हणून सेव्ह.

इंडेक्स्डडीबी जानेवारी २०१५ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या मानकात आलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये, असिंक-अवेट २०१७ मध्ये. त्यामुळे मूळ रचना सगळी ऑनसक्सेस आणि ऑनएरर या कॉलबॅकची, प्रॉमिसचं वेष्टण आपण वरून चढवतो. ते मी हातानंच चढवलं होतं, चार ओळींत, आणि त्या चार ओळींचा मला अभिमानही होता.

फेच बाहेर काढणं सोपं गेलं. पहिलं ट्रान्झॅक्शन फक्त वाचण्यापुरतं, मग दर आणायचा, मग लिहिण्यासाठी दुसरं. पण दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या टॅबमधून तीच नोंद बदलली तर? म्हणून प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा आकडा ठेवला. दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद पुन्हा वाचतो, आकडा तोच असेल तरच पुट, नाहीतर पहिल्यापासून.

एवढ्यावर थांबलो असतो, पण वेष्टण तपासताना आणखी घाण निघाली. एकाच वेळी बऱ्याच नोंदी आयात करताना मी अ‍ॅड वापरत होतो. नोंदीची की (ओळखीची खूण) आधीच असेल तर कन्स्ट्रेंट एरर येतो, तो ट्राय-कॅचमध्ये पकडून पुढच्या नोंदीकडे. दिसायला निर्धास्त. प्रत्यक्षात एक जरी नोंद दुबार निघाली तर आयात केलेल्यातलं काहीच उरत नव्हतं. प्रॉमिसची एरर मी पकडली, पण मूळ एरर इव्हेंटवर प्रिव्हेंट डिफॉल्ट, म्हणजे 'नेहमीची कारवाई करू नको', कोणी म्हटलं नाही, त्यामुळे ब्राउझरनं अख्खं ट्रान्झॅक्शन अबॉर्ट, म्हणजे रद्द, केलं. आता जिथे दुबार नोंद चालणार असते तिथे वेष्टण प्रॉमिस रिजेक्ट (नापास) करण्याआधी इव्हेंटला तसं सांगतं.

याच्या उलटंही होतं, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटतं. साध्या कॉलबॅकमध्ये थ्रो केलं, म्हणजे एरर फेकली, तर ट्रान्झॅक्शन अबॉर्ट होतं. अवेटनंतर थ्रो केलं तर ते नुसतं प्रॉमिसचं रिजेक्शन, डेटाबेसला त्याचा पत्ताच नाही, आणि तोवरचं अर्धवट लिखाण खुशाल कमिट होतं. तिथे कॅचमध्ये स्वतः अबॉर्ट म्हणावं लागतं.

'सेव्ह झालं' ही हिरवी पट्टी मी शेवटच्या पुटच्या सक्सेसवर दाखवत होतो. तीही चूक. नोंद ठेवली गेली हे ट्रान्झॅक्शनचा कंप्लीट इव्हेंट आल्यावरच म्हणता येतं. जागा संपल्याचं कधीकधी कमिटच्या वेळी कळतं, तेव्हा कुठल्याही विनंतीचा एरर इव्हेंट येत नाही, फक्त अबॉर्ट येतो. माझं वेष्टण अबॉर्ट ऐकतच नव्हतं, म्हणजे कंप्लीटची वाट बघत कायमचं लटकलं असतं.

शेवटी ते वेष्टण काढून जेक आर्चिबाल्ड यांची आयडीबी ही तयार कोडची लायब्ररी घेतली. ट्रान्झॅक्शन चालू असताना मध्ये दुसरं काही अवेट करू नका, असं तिच्या माहितीपत्रातच बजावलेलं आहे. ते मी आधी वाचलं असतं तर एक आठवडा वाचला असता. तिच्यात ट्रान्झॅक्शनवर डन नावाचं प्रॉमिस मिळतं, हिरवी पट्टी आता त्याच्यामागे आहे.

चाचणीत आता दर मुद्दाम दोन सेकंद उशिरा येतो. ती आधी जुन्या कोडवर चालवली. पहिल्याच सेव्हला लाल पट्टी आली, तेव्हा कुठे ती एका ओळीची तक्रार बंद केली.